परतीचा गोफ

“पण एकदाच पुसलं तर काय बिघडतं, बाई?”

बाईंनी सुईत दोरा ओवला.

“एकच तार आहे. शेकडो तारांतली एक. तेवढ्यापुरती एक आज्ञा. पूस. बस्स.”

“चहा घेतलास?”

“बाई, मी रात्रभर गाडीत बसून आलोय तो चहासाठी नाही.”

“तरी घे. निवतोय.”

शार्दूल खानविलकरने चहा घेतला. निवलेलाच होता.

शार्दूल हे नाव आईवडिलांनी ठेवलं होतं. डरकाळ्या फोडायची सवय त्याने स्वतःच्या हिमतीवर लावून घेतली होती. पुण्यात तो सर्किटं आखत असे. हुशार होता. आपण हुशार आहोत हे विसरण्याइतका मात्र नव्हता.

आजगावकरबाई त्याच्या गुरू. आयुष्यभर कॉलेजात शिकवून, निवृत्त झाल्यावर तळकोकणातल्या आपल्या गावी येऊन राहिल्या होत्या. केस पांढरे, पाठ ताठ. आत्ता त्या ओसरीवर बसून एक लांबलचक निळी पट्टी शिवत होत्या. जुन्या साडीची पट्टी होती, मध्ये फाटलेली.

“ही भाषा तुमची आहे,” शार्दूल म्हणाला. “तुम्ही हो म्हटलंत की झालं.”

भाषा बाईंचीच होती. नाव येरझार.

बाईंनी आपल्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून ती बनवली होती. सर्किट कसं जोडायचं, हे यंत्राला सांगायची भाषा. पण तिची चाल वेगळी. आपलं रोजचं यंत्र दोन आणि तीन मिळवतं, पाच ठेवतं, दोन-तीन फेकून देतं. पाचावरून मागे फिरायचं म्हटलं तर वाट नाही; कोण जाणे, चार आणि एकही असतील. आणि जे पुसलं जातं, त्याची थोडी का होईना, उष्णता होतेच.

येरझारमध्ये लिहिलेलं सर्किट काहीच फेकत नाही. जसं पुढे जातं तसंच, पावलावर पाऊल ठेवून, मागे येऊ शकतं.

म्हणून या भाषेत पुसायची आज्ञा नव्हती. बाईंनी ठेवलीच नव्हती. आणि कोणाला नवी आज्ञा घालायची झाली, तर बाईंचा होकार घेतल्याशिवाय घालायची नाही, असा त्यांच्या साऱ्या शिष्यांचा शिरस्ता होता.

“दाखव,” बाई म्हणाल्या.

शार्दूलने लॅपटॉप उघडून त्यांच्यापुढे धरला.

“दोन आकडे येतात. मोठा वर, लहान खाली. वरचा आकडा बेरजेत घालायचा. मग पुढची जोडी. मग त्याच्या पुढची. एवढं आखूड सर्किट आजवर कोणी केलेलं नाही.”

हे तो सगळ्यांनाच सांगत असे. दुर्दैवाने ते खरं होतं.

“आणि ही तार?”

घोडं पेंड खात होतं ते या तारेपाशीच.

“ही… लक्षात ठेवते. आकड्यांची अदलाबदल केली की नाही, एवढंच. केली असेल तर एक. नसेल तर शून्य. पुढच्या जोडीला तार कोरी हवी. हिच्यात आधीचा कचरा पडलेला असतो.”

“कचरा…”

“आम्ही त्याला कचराच म्हणतो, बाई.”

“मी नव्हते म्हणत.” बाईंनी एक टाका घातला. “बरं. बेरजेत घालून झालं की परत का येत नाहीस?”

“कुठून?”

“गेलास तिथून. आकडे होते तसे ठेव. तार आपली आपण शून्यावर येईल.”

“माहीत आहे. पहिल्या वर्षाच्या पोरांनाही माहीत आहे.” शार्दूलचा आवाज चढला. “पण मग सर्किट जवळजवळ दुप्पट होतं. आणि परतीच्या वाटेवर घडतं काय? काही नाही! नवं उत्तर नाही, नवा आकडा नाही. नुसतीच चाल. मी ती कापली.”

“कापलीस…”

“म्हणून तर आखूड झालं.”

बाईंनी दातांनी दोरा तोडला.

“उद्या संध्याकाळी आराखडा चिप बनवायला कारखान्यात जातोय,” शार्दूल म्हणाला. “आज तुमचा हो हवा. नाही म्हणालात, तर दोन वर्षांचं काम पाण्यात गेलं.”

हे सगळं खरं होतं. एक गोष्ट मात्र त्याने सांगितली नव्हती. पुण्यात मेघनाला, म्हणजे त्याच्या टीमच्या प्रमुखाला, त्याने परवाच सांगून टाकलं होतं की बाईंचा होकार आला. ‘पूस’ ही आज्ञा भाषेत घालूनही झाली होती. आता होकार तेवढा आणायचा राहिला होता. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

बाईंनी पट्टी झटकली, उलगडली, उन्हात धरून टाके पाहिले.

“तुला नाचता येतं?”

“काय?”

“नाचता. पायांनी.”

“बाई, मी काय विचारतोय…”

“ऐकलं मी. आज आमचा शिमगा. सांजेला मांडावर गोफ आहे आणि आमच्या एका गड्याचा पाय मुरगळलाय. एक माणूस कमी पडतोय. आत्ता तालीम आहे.” बाई उठल्या. “चल. तुझं उत्तर तिथेच देते.”

शार्दूलला राग आला. पण गुरूवर रागवायची त्याला सवय नव्हती. तो चपला घालून निघाला.

मांड म्हणजे देवळापुढचं सारवलेलं अंगण. दर शिमग्याला गाव तिथे जमतो आणि तिथेच खेळतो. मधोमध एक खांब, त्याच्या आडव्या तुळईला लोखंडी कडी. कडीतून सात रंगीत पट्ट्या लोंबत होत्या. बाईंनी आठवी, निळी, वर पाठवली. एका गड्याने खांबावर चढून ती कडीत बांधली.

“बाबल,” बाई म्हणाल्या, “हो बघ तुझो आठवो.”

बाबल गावडे गोफाचा म्होरक्या. मिशा भरघोस, पोट त्याहून. त्याने शार्दूलला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“पावणे, चपले काढा.”

शार्दूलने चपला काढल्या.

बाबलने खेळ समजावून दिला. आठ जणांनी आठ पट्ट्या धरायच्या. चौघांनी उजवीकडून फिरायचं, चौघांनी डावीकडून. समोरून येणाऱ्याला एकदा आतून टाळायचं, एकदा बाहेरून. पाय ढोलावर. बाकी काही नाही. वर पट्ट्यांचा आपोआप गोफ विणला जातो.

शार्दूलने वर पाहिलं. मग आठही जणांकडे पाहिलं.

“आठ तारा,” तो म्हणाला. “दोन-दोनांची अदलाबदल… अहो बाई, हे तर सर्किटच आहे!”

“असं?” बाई म्हणाल्या आणि देवळाच्या पायरीवर बसल्या.

ढोल वाजला.

पहिला फेरा अडखळत गेला. दुसऱ्यात पाय बसले. तिसऱ्यात शार्दूलला मजा यायला लागली. आतून, बाहेरून, आतून, बाहेरून. डोक्यावर लाल, पिवळा, हिरवा, निळा असा जाडजूड पीळ खाली उतरत होता. गडी “हुर्रेऽऽ” करत होते. शार्दूलने एकदा स्वतःही “हुर्रे” करून पाहिलं. बरं वाटलं.

त्या नादातच घोटाळा झाला. पिवळ्या पट्टीवाला समोरून आला, त्याला आतून टाळायचं होतं. शार्दूल बाहेरून गेला.

त्याच्या ते तिथल्या तिथे लक्षात आलं. हुशार होता ना. त्याने चटकन डावीकडे एक गिरकी घेतली, हसून दाखवलं आणि आपली जागा पकडली. कोणाला कळलं नाही. गोफाला एका ठिकाणी थोडा फुगवटा आला, पण गोफ फिरत असताना ते बघतंय कोण.

गोफ पुरा झाला. ढोलाने एक जोराची थाप दिली. बघायला जमलेल्या बायकांनी टाळ्या पिटल्या.

“झालं!” म्हणत शार्दूलने पट्टी सोडली, कपाळ पुसलं आणि पाण्याच्या कळशीकडे चालू लागला.

मागे एकदम सगळं शांत झालं.

त्याने वळून पाहिलं. सातही जण आपापल्या पट्टीचं टोक धरून होते तिथेच उभे होते. निळी पट्टी एकटीच झुलत होती.

“ओ पावणे,” बाबल म्हणाला, “खंय चल्लास?”

“पाणी प्यायला. झाला ना गोफ?”

“अर्धो झालो.”

सगळा मांड खदखदून हसला. पायरीवर बाईसुद्धा हसल्या. शार्दूलला ओशाळं वाटलं, पण हसण्यात काही विखार नव्हता, म्हणून तोही हसला.

“अहो, विणूक कोणय विणता,” बाबलने मिशांवरून हात फिरवला. “सोडवूक गडी होयो. खरी मजा आता येतली. धरा तुमची पट्टी.”

शार्दूलने पट्टी धरली.

ढोलाची चाल बदलली. आता सगळं उलटं. शेवटी जो आला तो आधी निघाला. जो बाहेरून आला होता तो बाहेरूनच मागे फिरला. पाठ पुढे, तोंड मागे, पाय मात्र ढोलावरच. आणि गोफ खालून वर सुटत चालला. बघणाऱ्या बायका आता उठून उभ्या राहिल्या होत्या. विणताना नुसत्या टाळ्या होत्या. सोडवताना गाणं सुरू झालं.

शार्दूलला हे नवीन होतं. परतीच्या वाटेवर लोक गातात, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

मग ती जागा आली.

पिवळ्या पट्टीवाला समोर होता. शार्दूलला पक्कं आठवत होतं की आपण इथे बाहेरून गेलो होतो. पण जायला हवं होतं आतून. आता बाहेरून मागे गेलो, तर सगळ्यांना दिसेल.

तो आतून गेला.

वर गाठ बसली.

निळी आणि पिवळी एकमेकींत अडकल्या. पुढच्या दोघांनी ओढ दिली तशी गाठ आणखी आवळली. ढोल थांबला. गाणं थांबलं.

“कोण चुकलो?” बाबलने विचारलं.

“मी नाय.”

“मी पण नाय.”

“मी तर हिरवी. माझो काय संबंध?”

सगळ्यांच्या माना फिरत फिरत शार्दूलवर आल्या.

“मी…” शार्दूल म्हणाला. “मी नाही.”

खोटं बोललं की त्याच्या कानाच्या पाळ्या तापत. लहानपणापासूनचं दुखणं होतं ते. आत्ता त्या लालबुंद झाल्या.

“गरम होतंय का रे?” बाईंनी पायरीवरून विचारलं.

“ऊन आहे ना, बाई.”

“हो. ऊन आहे.”

सगळा मांड पिंपळाच्या सावलीत होता.

एका गड्याने कमरेवर हात ठेवले. “बाबलदा, कापूया. दोनच पट्टये जातले. सांजेक नवे लावू.”

कोणीतरी कात्री आणायला देवळात गेलं. शार्दूलला हायसं वाटलं. मग त्याची नजर निळ्या पट्टीवर गेली. सकाळी बाईंनी घातलेले टाके अगदी त्याच्या बोटांशी होते. बारीक, सारखे, जवळजवळ. त्याला एकदम फार वाईट वाटलं.

कात्री आली.

“थांबा,” बाई म्हणाल्या.

त्या उठून मांडावर आल्या. गाठीकडे पाहिलंही नाही. शार्दूलपाशी येऊन उभ्या राहिल्या.

“चुकलं कोण, ते मला नको.”

शार्दूलने पट्टीचं टोक बोटाला गुंडाळलं.

“तू इथून गेलास कसा, तेवढं सांग. आतून की बाहेरून?”

शार्दूलने कात्रीकडे पाहिलं.

“आठवत नसेल तर तसं सांग. कात्री आहेच.”



“बाहेरून,” तो म्हणाला. “जायचं होतं आतून. गेलो बाहेरून.”

“माका तेव्हाच वाटलेला!” पिवळ्या पट्टीवाला ओरडला. बाबलने त्याला डोळ्यांनी गप्प केलं.

“मग काय केलंस?”

“मग… एक गिरकी घेतली. कोणाला कळू नये म्हणून.”

“कुठल्या बाजूला?”

“डावीकडे.”

“आणि आत्ता परत येताना?”

“आत्ता आतून आलो. बरोबर दिसावं म्हणून.”

“बरं.” बाईंना जराही आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. “ये मग परत.”

शार्दूल बाहेरून जायला वळला.

“अंहं. आधी काय केलंस ते नको. शेवटी काय केलंस?”

“आतून आलो.”

“मग आधी ते.”

शार्दूल आतूनच, आधी होता तिथे, परत गेला. वरची ओढ किंचित सैल झाली.

“त्याच्या आधी?”

“गिरकी.”

“घे. उजवीकडे.”

भर दुपारी, सगळ्या गावासमोर, जगातलं सगळ्यात आखूड सर्किट आखणारा माणूस अनवाणी पायांनी उजवीकडे गिरकी घेऊ लागला. एक म्हातारी पदर तोंडाला लावून हसली. बाबलने ढोलवाल्याला खूण केली, त्याने गिरकीपुरती एक थाप दिली.

“आता?”

“आता बाहेरून,” शार्दूल म्हणाला. त्याला आता विचारावं लागलं नाही.

तो पिवळ्या पट्टीवाल्याला वळसा घालून बाहेरून मागे गेला.

वर कोणी हातही लावला नव्हता. गाठ सैल झाली, हलली आणि अलगद सुटली.

“हुर्रेऽऽऽ!”

ढोल पुन्हा सुरू झाला, गाणंही. उरलेला गोफ भराभर सुटत गेला, आणि शार्दूल उलट्या पावलांनी नाचत होता आणि मोठमोठ्याने हसत होता. असा तो कित्येक महिन्यांत हसला नव्हता. आपण इतके दिवस कशाचं एवढं ओझं घेऊन फिरत होतो, हेच त्याला आठवेना.

आठही पट्ट्या सरळ झाल्या तेव्हा बाबलने त्याच्या पाठीवर एवढ्या जोरात थाप मारली की कळशीतलं पाणी प्यायच्या आधीच त्याला ठसका लागला.

तो बाईंशेजारी पायरीवर येऊन बसला. धापा टाकत होता.

“बाई…”

“हं.”

“मी विसरलो असतो तर?”

“कात्री आणलीच होती,” बाई म्हणाल्या.

समोर आठ पट्ट्या वाऱ्यावर हलत होत्या.

“त्या तारेत…” शार्दूल म्हणाला, आणि थांबला. “आतून गेलो की बाहेरून, एवढंच होतं त्या तारेत.”

बाईंनी शेंगदाण्याची पुडी त्याच्यापुढे धरली.

“आणि मी तिला कचरा म्हणत होतो.”

“खा,” बाई म्हणाल्या. “खारे आहेत.”

जेवण झाल्यावर बाई आडव्या झाल्या. शार्दूल ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसला. आता सोपं होतं. ‘पूस’ काढायची, कापलेली परतीची चाल पुन्हा जोडायची. त्याने बोटं चालवायला घेतली.

आणि थांबला.

आधी काय केलं ते नको. शेवटी काय केलं?

चाल कापली, ते सगळ्यात आधी. मग आज्ञा घातली. शेवटी…

शेवटी मेघनाला सांगितलं.

त्याने लॅपटॉप बाजूला ठेवला. फोन हातात घेतला. खाली ठेवला. पुन्हा घेतला. उजवीकडे गिरकी घेणं याच्यापेक्षा फार सोपं होतं.

“मेघना, शार्दूल बोलतोय. बाईंचा होकार आला असं मी परवा म्हणालो होतो.”

“हो. मग?”

“आला नव्हता. मी विचारलंच नव्हतं.”



“म्हणजे तू मला खोटं सांगितलंस.”

“हो.”

“आणि मी ते वर सगळ्यांना सांगितलं.”

“हो. त्यांनाही मीच सांगतो. आज सर्किट नव्याने पाठवतो, परतीच्या वाटेसकट. त्यात पुसायचं काही नसेल. फक्त ते… सगळ्यात आखूड राहणार नाही.”

“किती लांब?”

“जवळजवळ दुप्पट.”

कान तापायची शार्दूलने वाट पाहिली. तापले नाहीत.

“आज पाठवलंस तर उद्या जाईल,” मेघना म्हणाली. “आणि शार्दूल, पुन्हा असं केलंस ना, तर मी तुलाच पुसून टाकीन.”

“चालेल,” शार्दूल म्हणाला. आपण हसतोय हे त्याला फोन ठेवल्यावर कळलं.

मग त्याने ‘पूस’ काढली. ती आज्ञा जिथे जिथे पोचली होती, तिथून तिथून.

मग शेवटी चाल जोडली. दोन आकडे येतात. मोठा वर, लहान खाली. वरचा बेरजेत. आणि आता परत: तार म्हणेल तसे आकडे पुन्हा होते त्या जागी. आकडे जागेवर आले की तारेला लक्षात ठेवायला काही उरत नाही.

त्याने सर्किट चालवून पाहिलं. बेरीज बरोबर आली. त्याने खाली पाहिलं. लक्षात ठेवणारी तार, कोरी.

शून्य.

त्याने दुसरी जोडी घातली. शून्य. मोठे आकडे, लहान आकडे, सारखे आकडे. शून्य, शून्य, शून्य. एवढ्या शून्यांचा कोणाला इतका आनंद झालेला मी तरी ऐकलेला नाही. तो ओसरीवर एकटाच उठून उभा राहिला आणि हळू आवाजात “हुर्रे” म्हणाला. बाई आत झोपल्या होत्या ना.

आराखडा पाठवून होईतो उन्हं कलली आणि मांडावर ढोल घुमू लागला.

सांजेला सगळा गाव लोटला होता. नारळ ठेवला गेला, देवाला गाऱ्हाणं घातलं गेलं, आणि आठ गड्यांनी आठ पट्ट्या धरल्या. निळी शार्दूलकडे. गोफ विणला गेला, टाळ्या झाल्या, शार्दूल जागचा हलला नाही. बाबलने त्याच्याकडे पाहून भुवई उडवली. मग ढोलाची चाल फिरली, गाणं सुरू झालं, आणि गोफ खालून वर, कुठेही न अडता, सुटत गेला.

खेळ संपला. माणसं प्रसादाकडे वळली. बाई पट्ट्या उतरवून घ्यायला आल्या, तर शार्दूल अजून निळी धरून उभा.

“काय रे, सोड आता. आता झाला.”

“बाई, मला एक सांगायचंय.”

“सांग.”

“सकाळी मी तुम्हाला विचारायला आलो म्हणालो ना, ते खोटं होतं. विचारायच्या आधीच मी ती आज्ञा घातली होती. आणि तुमचा होकार आला असं सगळ्यांना सांगितलं होतं. तुमच्या नावावर. दुपारी फोन करून सगळं परत घेतलं. आज्ञा काढली. तारा सगळ्या शून्यावर आल्या. पण बाई… मी चुकलो होतो.”

बाईंनी त्याच्या हातातून निळी पट्टी घेतली. चष्मा नाकावर सरकवला. पट्टी एका टोकापासून बोटांनी चाचपत गेल्या, स्वतःच्या टाक्यांवरून, वर, हात पोचेल तिथवर. मग मान वर करून कडीकडे पाहिलं. मग एकेक करून बाकीच्या सातही पट्ट्यांकडे. सुई हरवल्यावर शोधावं, तसं मन लावून गाठ शोधत होत्या.

आठही पट्ट्या सरळ लोंबत होत्या.

बाई शार्दूलकडे वळल्या.

“कुठे?” त्यांनी विचारलं.